जुन्या राखाडीचा पूल

८ नोव्हेंबर

ती. रू. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन इतके दिवस झाले की आता पोस्टमनच मला विचारायला लागलाय, भाऊ रुसलाय का म्हणून. मी त्याला सांगितलं की रुसलेला नाही, खेळातल्या प्लॅस्टिकच्या विटांचा ढीग मांडून बसलाय. खरं काय ते तू कळव.

आमच्याकडे प्रदर्शनाची गडबड सुरू झाली आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वाचनालयाचा वरचा हॉल मिळालाय. रूळमास्तर, म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, टेप घेऊन घरोघर फिरताहेत. नियम तुला माहीतच आहे. आपापली फळी घरी बांधायची, तिच्यावर बाजार वसवा, डोंगर उभा करा, कुणी विचारणार नाही. पण रूळ मात्र फळीच्या काठावर ठरलेल्या जागीच बाहेर पडले पाहिजेत, कारण हॉलमध्ये सगळ्या फळ्या जोडून एकच गाव होतं आणि गाडी सगळ्यांच्या दारावरून जाते. गेल्या वर्षी चिमट्याचे रूळ विटेवरच्या एका टेंगळाएवढे सरकले आणि आख्खी मालगाडी शेजारणीच्या भाजी मंडईत घुसली. चिमटा घड्याळं दुरुस्त करतो, वीटसुद्धा चिमट्यानंच उचलतो, आणि हे असं. त्या दिवसापासून रूळमास्तरांचा कुणावरच भरवसा नाही.

माझं स्टेशन उभं राहिलंय. फलाटाची फरशी तेवढी राहिली आहे. दरवर्षीसारखी माझ्या स्टेशनाला लागून तुझी फळी, यंदा पूल, ही जागा मी रूळमास्तरांशी भांडून राखून ठेवली आहे, तेव्हा तोंडघशी पाडू नकोस.

दातांच्या लॅबमध्ये काम पुष्कळ. एका आजोबांना कवळी हवी आहे ती तिशीतल्या दातांची. त्यांच्या चेहऱ्याला शोभेल असा जरा पिवळसर पांढरा मी काढून दाखवला, तर म्हणाले की हा रंग तर माझ्याकडे होताच, तो घ्यायला इथे कशाला येऊ. डॉक्टर हसत सुटले, रंग जुळवायचा तो मलाच.

पूल घेऊन तू स्वतः ये, वहिनींना घेऊन ये. गेल्या वर्षी बुद्धिबळात हरलास त्याचा सूड घ्यायचाय असं म्हणत होतास. हे पट पुसून तयार बसलेत.

कळावे. लोभ आहे तो असू दे, वाढला तर आम्ही जागा करू.

तुझी,
धाकटी

---

१९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

रुसायला मी काय नवरदेव आहे का. पूल बांधत होतो. कमानी अशा बसल्यात की दिवा समोर धरला तर सावलीसुद्धा गोल पडते. पण एक वाईट बातमी आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू आदळआपट करून मोकळी होशील. मी येत नाही. पूल पार्सलनं पाठवतोय. दोन खोक्यांत आहे, प्रत्येक तुकड्यावर आकडा चिकटवलाय, वहिनीनं चिकटवलाय म्हणजे सरळ चिकटवलाय. जोडायला तुला अडचण येऊ नये.

न येण्याचं कारण म्हणजे माझ्या गाडीचं काम निघालंय. शिवाय एवढ्या लांबून परत यायचं तर रस्त्यातच काळोख पडतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शाळेची बस काढायची. पूर्वी जमायचं. आता वर्षभरात निवृत्त होणारा माणूस आहे मी, सगळं पूर्वीसारखंच करून दाखवायला पाहिजे असं नाही. जावईबापूंना सांग, पट पुसून ठेवलाय तर तसाच ठेवा, धूळ बसायला काय पैसे पडत नाहीत.

एक नवी गंमत. तुझी वहिनी आता माझ्याच बसमध्ये कामाला आहे. मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मावशी सोडून गेल्या, तर हिनंच शाळेच्या मोठ्या बाईंकडे जाऊन जागा मागितली. घरात बसून मला बोलण्यापेक्षा बसमध्ये उभी राहून मुलांना बोलते. माझ्या मागेच उभी असते. पंचवीस-तीस पोरं आणि वर ती, म्हणजे माझं काय होत असेल ते बघ.

आता कामाचं. पूल जोडताना एखादी वीट कमी पडली तर तुझ्याकडची राखाडी त्याला लावायची नाही, हे दरवर्षी सांगतो तसं याही वर्षी सांगतो. विटांच्या कंपनीला काय अवदसा आठवली आणि तिनं मध्येच राखाडी रंग बदलला, त्याला मी जबाबदार नाही. जुना राखाडी दगडासारखा आहे, त्यात जरा ऊब आहे. नवा निळसर, नव्या बादलीसारखा. दोन्ही एकत्र लावले की पुलाला नायटा झाल्यासारखं दिसतं. चिमट्यानं मागे माझ्यासमोर असं केलं तेव्हा मी चहा तसाच ठेवून उठलो होतो, आठवतंय ना. माझ्याकडे जुना राखाडी बिस्किटांच्या डब्यांत वेगळा ठेवलेला आहे, आणि मी डोळे मिटेपर्यंत तो वेगळाच राहणार. वीट कमी पडली तर कळव, मी पाठवीन.

रूळ ठरल्या जागीच आहेत. रूळमास्तरांना टेप खिशात ठेवायला सांग.

आम्ही दोघं ठीक. कवळीवाल्या आजोबांवर तुझी माया आहे तेवढी भावावर राहो.

दादा

---

१० डिसेंबर

ती. रू. दादास,
सा. न. वि. वि.

आदळआपट केली, मोकळी झाले, आता बातमी ऐक. तुझ्या पुलाला पहिलं बक्षीस मिळालं. खोटं सांगत नाही, हातच्या कांकणाला आरसा कशाला, ढाल माझ्या कपाटावर उभी आहे.

पूल जोडायला मला आख्खी संध्याकाळ लागली. एकही वीट कमी पडली नाही. रूळ असे जुळले की रूळमास्तरांनी दोनदा टेप लावली आणि दोन्ही वेळा तोंड पाडून परत गेले, त्यांना चूक सापडल्याशिवाय जेवण जात नाही. गाडी माझ्या स्टेशनातून सुटून तुझ्या पुलावर आली की बघणारे आपोआप थांबत होते. कमानींचं सगळ्यांनी कौतुक केलं, आणि रंगाचं तर फारच. चिमट्यानं भिंग लावून पूल पाहिला. मला म्हणाला, तुझ्या भावाची छाती आहे बुवा.  मी त्याला चहा पाजला.

रंगाचा विचार तू कसा केलास, ते जरा मला सविस्तर लिही. मंडळाच्या पत्रकात दोन ओळी द्यायच्या आहेत.

तू आला नाहीस याचं वाईट मात्र वाटलं. बक्षीस घ्यायला मला पुढे बोलावलं तेव्हा मी तुझी बहीण म्हणून गेले, पण टाळ्या ऐकताना सारखं दाराकडे लक्ष होतं. तू नेहमी आयत्या वेळी येतोस ना.

जाता जाता एक काम. माझ्या फलाटाची फरशी अजून अर्धीच आहे, पुढच्या वेळी पुरी करायची म्हणते. पाकिटात दोन विटा घातल्या आहेत. यातली जुन्या राखाडीतली कुठली आणि नव्यातली कुठली, ते सांग. लॅबमध्ये दिवसभर पांढरा बघून माझा गोंधळ झालाय.

वहिनींना नमस्कार. उत्तर लवकर दे, उगाच मुरवत ठेवू नकोस. लोभ तर हक्कानंच मागते.

तुझी,
धाकटी

---

१७ डिसेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

बक्षिसाची बातमी वाचून तुझ्या वहिनीनं बसमधल्या पोरांना गोळ्या वाटल्या. पोरांना कशाबद्दल ते कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही, खोटं कशाला बोलू, दिवसभर जरा ताठच बसलो होतो.

पत्रकात लिही की या पुलाला पहिल्या विटेपासून शेवटच्या विटेपर्यंत फक्त जुना राखाडी वापरलेला आहे. नव्यातली एकसुद्धा वीट नाही. गेल्या वर्षीचा बोगदा मोडला त्याच्या विटा मी स्वतः बसून निवडल्या आणि डबे भरले, म्हणूनच हे जमलं. एकच रंग अंगभर असला की बांधकामाला वजन येतं. चिमट्याला छाती वाटली यात नवल नाही, एवढा जुना राखाडी आता कुणाजवळ उरलाय. त्याला हे वाचून दाखव, मुद्दाम.

तुझ्या दोन विटांचं म्हणशील तर दोन्ही जुन्याच आहेत. चेष्टा करतेस की काय? दिव्याखाली धरून पाहिल्या, खिडकीत धरून पाहिल्या, रतीभर फरक नाही. कुठलीही लाव. कवळ्या करून करून तुझेच डोळे गेलेले दिसतात, एकदा दाखवून घे. हयगय करू नकोस, आपल्या घरात डोळ्यांचं दुखणं आहे.

थंडी आहे. सकाळी काचेवर धुकं बसतं, ते पुसत पुसत बस काढावी लागते. बाकी सगळं ठीक.

आशीर्वाद आहेतच, बक्षिसाच्या दिवशी जरा जास्त घे.

दादा

---

२२ डिसेंबर

ती. रू. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. शेवटी ठरवलं की सरळच लिहायचं.

दादा, तुझा पूल दोन रंगांचा आहे. जवळजवळ निम्म्या विटा नव्या राखाडीतल्या आहेत. खोकं उघडलं आणि एकेक तुकडा दिव्याखाली धरून पाहिला. मला वाटलं, तू माझी थट्टा करतोयस. मग वाटलं, पार्सल करताना कुणाच्या तरी पुलाशी अदलाबदल झाली. पण जोडत गेले तशी खात्री पटली की पूल तुझाच, हात तुझाच, कमानी तुझ्याच. फक्त रंग तुझा नाही. लोकांना वाटलं, हा पूल पुरात खचून पुन्हा डागडुजी केलेला दाखवलाय, जुने दगड आणि नवे दगड. त्यावरच बक्षीस मिळालं. चिमट्याला वाटलं, तू तुझा हट्ट स्वतःहून मोडलास, म्हणून तो छाती म्हणाला.

मी कुणालाही काही बोलले नाही. तुला विचारलंही नाही, कारण तू उडवून लावलं असतंस. म्हणून पाकिटात त्या दोन विटा घातल्या. एक जुनी आहे, एक नवी आहे. नवा राखाडी खोलीच्या पलीकडून तुला ओळखू येतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तू त्या खिडकीत धरून पाहिल्यास आणि दोन्ही एकच आहेत म्हणालास.

आमच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टर बसतात. त्यांना तुझं नाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या की मोतीबिंदू पिकत आला की सगळ्यावर पिवळट पडदा येतो, निळसर छटा आधी जाते, माणसाला स्वतःला कळतसुद्धा नाही. आणि समोरून उजेड आला की सगळं धूसर होतं. हे ऐकताना मला पूल दिसत नव्हता, मला बस दिसत होती.

पुलाला हवे ते रंग असोत. पण ती पोरं घेऊन तू रोज पहाटे चौकातून जातोस. दादा, बस चालवणं थांबव. डॉक्टरांना दाखव, मग पुढचं बघू. मी रजा काढून येते, तुझ्या उशाशी बसते, लागेल तितके दिवस बसते. माझ्यावर चिडायचं असेल तर चीड, पण आधी खाली उतर.

वाट बघते. लोभ नको, या वेळी उत्तर पाहिजे.

तुझी,
धाकटी

---

२ जानेवारी

प्रिय वन्संना,
वहिनीचा स. न. वि. वि.

उत्तर यांनी द्यायचं ते मी देते आहे. तुमचं पत्र यांनी वाचलं नाही, मी वाचून दाखवलं.  विटांचे डबे खाटेखाली सरकवून ठेवलेत. एवढंच म्हणाले की धाकटीनं मला परीक्षेला बसवलं आणि मला कळलंसुद्धा नाही. त्यांना लागलंय ते हेच, असं मला वाटतं. पूल नाही.

वन्सं, आता तुमच्यापाशी लपवून काय करू. मला उन्हाळ्यापासून माहीत आहे. पुलावर आकडे चिकटवताना दोन राखाडी मला दिसले होते, तरी तसेच पाठवले. वर्तमानपत्र हळूहळू मीच वाचून दाखवायला लागले. चष्म्याच्या दुकानात नेलं होतं, त्यानं मोतीबिंदू आहे म्हणून सांगितलं. दोन्ही डोळ्यांत, आणि ऑपरेशन करा म्हणाला. हे दुकानातून बाहेर आले आणि मला म्हणाले की आजपासून या गोष्टीचं नाव काढायचं नाही. मामंजींचे डोळे ऑपरेशनमध्येच गेले हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही लहान होतात, पण यांनी त्यांचा हात धरून त्यांना वर्षानुवर्षं फिरवलं. तुमचा दादा कुणाला भीत नाही असं सगळ्यांना वाटतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. या एका गोष्टीला ते लहान मुलासारखे भितात.

मग मावशींची जागा रिकामी झाली तशी मी मागून घेतली. कशाला ते तुम्ही ओळखलं असेलच. सकाळी बस मोठ्या चौकात येते तेव्हा ऊन अगदी समोरून येतं आणि यांना सिग्नलचा कुठला दिवा पेटलाय ते कळत नाही. मी मागे उभी राहून सांगते. लाल, थांबा. हिरवा, चला. पोरांना वाटतं, मावशींचा खेळ आहे. आजवर एक ओरखडासुद्धा कुठे आलेला नाही. बस यांच्या हातापायांत आहे, वन्सं, इतकी वर्षं चालवताहेत.

माझी एवढीच विनंती आहे की कुणाला बोलू नका. वार्षिक परीक्षा होईपर्यंतचा प्रश्न आहे. मग निवृत्त होतील, मानानं घरी येतील, मग मी त्यांना उचलून डॉक्टरकडे नेईन. आता शाळेला कळलं तर सगळ्यांसमोर खाली उतरवतील. तो माणूस मोडेल. मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्या मागे उभी असते, तेवढा विश्वास ठेवा.

रागावू नका. मला तुमच्याशिवाय मन मोकळं करायला कोण आहे.

तुमची,
वहिनी

---

७ जानेवारी

ती. रू. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवतील. वहिनी, सगळं वाचा, एक ओळ गाळू नका.

परीक्षेला बसवलं याची मी माफी मागते. दुसरा मार्ग मला सुचला नाही, आणि अजूनही सुचत नाही. पण थांबव म्हटलं ते मागे घेत नाही.

दादा, वहिनी तुझ्या मागे उभ्या राहून दिवा सांगतात. तो ऐकून तू पाय उचलतोस. दिव्याच्या पुढे एखादं सायकलवरचं माणूस आलं तर ते कोण सांगणार? वहिनींना तुझ्या खांद्यावरून किती दिसतं? त्यांना एखाद्या सकाळी शिंक आली तर? वहिनी, मला तुमच्यावर विश्वास आहे, पण ब्रेकवर पाय तुमचा नाही.

बाबांच्या वेळी मी लहान होते असं वहिनींनी लिहिलंय. पण मला आठवतं. ते माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून विचारायचे की आज वेणी कुणी घातली. म्हणून मी वरच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि बाबांच्या डोळ्यांचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की त्या वेळची गोष्ट निराळी होती, त्या वेळी टाके होते, महिनाभर उताणं झोपणं होतं, आणि आता माणूस चालत येतो, चालत घरी जातो. धोका अजिबात नाही असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हा तेही सांगून ठेवते. तुला भीती वाटते हे मला कळलं याची लाज वाटू देऊ नकोस. मलाही वाटते. तू ऑपरेशन कर न कर, ते तुझं तू ठरव. बस मात्र तुझी एकट्याची नाही.

या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत तू मोठ्या बाईंशी स्वतः बोल. नाही बोललास तर मी त्यांना पत्र लिहीन. मग तू माझं तोंड बघणार नाहीस, हे मला माहीत आहे. सणकीत नाही लिहीत, सगळा विचार करून लिहिते आहे. बहीण नसली तरी तुला वहिनी आहेत. त्या पोरांच्या घरी त्यांच्या बदली दुसरी पोरं नाहीत.

तू माझ्याशी बोलेनासा झालास तर मी माझ्या स्टेशनाशेजारी कुणाची फळी लावायची, हे मला खरंच माहीत नाही. तरीही लिहीन.

नमस्कार. लोभ असेल तर ठेव, नसेल तर मी समजेन.

धाकटी

---

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

अक्षर वहिनीचं आहे, बोलणं माझं. डाव्या डोळ्याला वाटी लावली आहे आणि वाकायचं नाही असा हुकूम आहे. डॉक्टरांचा नाही, हिचा. (डॉक्टरांचाही आहे. – वहिनी)

तर डोळा झाला. चालत गेलो, चालत आलो. महिन्यानं उजवा. तू येते म्हणालीस ते उजव्याला ये, डाव्याच्या वेळी मी इतका घाबरलो होतो की तू बघितलं नाहीस तेच बरं झालं. आणि चिमट्याकडे जाऊन खरं काय ते सांग आणि ती ढाल मंडळाला परत कर. मी केलेल्या चुकीला मिळालेलं बक्षीस मला नको.

तू सांगितलंस म्हणून मी बस सोडली नाही, हे आधी लिहून ठेव. वीस तारखेचीही वाट पाहिली नाही. तुझं पत्र आलं त्या रात्री हिला म्हणालो की लिहू दे तिला काय लिहायचं ते, आपल्याला आजपासून बहीण नाही. हे तोंडातून गेलं, ते तुला कळायला हवं म्हणून सांगतो. (मी हे लिहीत नव्हते, लिहीच म्हणतात. – वहिनी)

मग सोमवारी हिचा घसा बसला. सर्दी झाली आणि आवाज पार गेला, शब्द फुटेना. मला वाटलं, एक दिवस निभावेल. मोठ्या चौकात आलो. समोरून ऊन, काचेवर नुसता पांढरा उजेड. मी थांबून राहिलो, कान मागे लावून. ही माझ्या खांद्याला हात लावून काहीतरी सांगायचा प्रयत्न करतेय, पण आवाज नाही. मागून हॉर्न सुरू झाले. तेवढ्यात मागून सगळी पोरं एका सुरात ओरडली की हिरवा, काका, चला. आणि माझा पाय उचलला गेला. चौक ओलांडून पलीकडे गेल्यावर मला कळलं की मी काय केलं. पहिलीतल्या पोरांच्या शब्दावर मी भरलेली बस चौकात घातली होती. त्यांतल्या एखाद्यानं गंमत म्हणून हिरवा म्हटलं असतं, तरी मी घातली असती. धाकटे, उरलेला रस्ता मी बैलगाडीच्या चालीनं काढला. शाळेत पोचलो, पोरं उतरली, आणि मी तसाच मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन किल्ली टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं, उन्हाळ्यापासूनचं. हिचंही सांगितलं.  बाई माझ्यावर चांगल्याच रागावल्या. मी ऐकून घेतलं, त्यांचं चुकलं नव्हतं. हिला मात्र ठेवून घेतलं, पोरांना हिची सवय आहे म्हणून.

आता बसवर एक तरुण ड्रायव्हर आलाय. नजर घारीची. परवा माझी चौकशी करायला म्हणून घरी आला आणि खरं म्हणजे तक्रार घेऊन आला होता. म्हणाला की चौक आला की सगळी बस ओरडते, लाल, काका, थांबा, हिरवा, काका, चला. मला दिसत नाही की काय, असं वाटतं लोकांना. तुमच्या घरातल्या मावशींना सांगून हा खेळ बंद करा.

ही दुसऱ्या दिवशी पोरांना समजावायला गेली. पुढच्या बाकावर एक चिमुरडी बसते, दात पडलेली. तिला हिनं विचारलं की या काकांना तर छान दिसतं, मग तुम्ही का ओरडता. ती हिच्याकडे अशी बघायला लागली की जणू हिलाच काही कळत नाही. म्हणाली की कुठल्याच ड्रायव्हरकाकांना दिवे दिसत नाहीत, मागच्यांनी सांगायचे असतात. आमच्या काकांनाही दिसत नव्हते, पण ते रडतील म्हणून आम्ही घरी सांगितलं नाही.

हे ही मला सांगत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून ऐकत होतो. डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम आहे.

तुझा,
दादा